होलपासून टीकडे

पूर्णा हे जंक्शनचे गाव. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या निजामकालीन लोहमार्गाला अकोल्याकडचा फाटा येथे फुटतो, आणि गावाचा अर्धा दिनक्रम आजही गाड्यांच्या वेळापत्रकावर चालतो. गोल्फचे मैदान येथे नाही. कापसाच्या आणि रब्बी ज्वारीच्या या काळ्या जमिनीत कोणी ते आखील असा संभवही नाही. परंतु रेल्वेच्या चाकरीत सिकंदराबादेस तैनाती असताना छावणीच्या मैदानावर हा साहेबी नाद मला जडला, आणि सेवानिवृत्तीनंतर माझ्या बाडबिस्ताऱ्याबरोबर काठ्यांची पिशवीही पूर्णेस उतरली. सराव घरामागच्या पडीक माळावर आणि प्रत्यक्ष खेळ हैदराबादेस मुलाकडे गेलो म्हणजे गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील मैदानावर, अशी तजवीज पुढे बरीच वर्षे सुखेनैव चालली.

मग हृदयाच्या वरच्या कप्प्यात उत्पन्न होणारा विद्युत्संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा झाला, नाडी मंदावली, घेरी येऊ लागली, आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसला. स्वीडनमध्ये 8 ऑक्टोबर 1958 रोजी आर्ने लार्सन या गृहस्थाच्या शरीरात असे पहिले यंत्र बसविले गेले, ते काही तासांतच बंद पडले. तरीही एकामागून एक नवी यंत्रे घेत हा मनुष्य 2001 पर्यंत जगला. आजचे यंत्र गोल्फच्या चेंडूहून हलके असते. नियमाप्रमाणे चेंडू 45.93 ग्रॅमपर्यंत भरू शकतो; माझे यंत्र साधारण त्याच्या निम्मे आहे. एवढ्याशा वस्तूने माझी घेरी तत्काळ थांबविली, यात नवल वाटण्यासारखे आहेच. परंतु माझा विषय त्यापुढचा आहे.

डॉक्टरांची ताकीद अशी होती, "काका, चार-सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. काठीचं नंतर बघू." ताकिदीमागील कारण समजून घेण्याजोगे आहे. यंत्रापासून निघालेली तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते आणि तिचे टोक आतल्या भिंतीला केवळ अडकविलेले असते. त्याभोवती नवी ऊती धरून ते पक्के बसेपर्यंत हाताला हिसका बसला तर ते निसटू शकते. आता उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात पाहा. काठी मागे नेताना तो छातीवरून आडवा जातो, नेमका यंत्रावरून, आणि अखेरीस खांद्याच्याही वर चढतो. शिवाय तार गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिंचोळ्या फटीतून गेलेली असेल, तर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिचे आवरण झिजण्याची भीती राहते. सारांश, पूर्ण फटका वर्ज्य; मुभा एकाच प्रकाराला, पटिंगला, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलण्याला, कारण त्यात हात कमरेच्या वर येतच नाहीत. डॉक्टरांनी तेवढ्यास मंजुरी दिली तेव्हा मी ती सांत्वनाची सवलत समजून घेतली.

जुन्या छावण्यांतील मैदानांवर हिरवळीऐवजी तेल पाजलेल्या वाळूचे 'ब्राऊन' असत, हे आठवून मी माळावर मुरूम चोपून घेतला, त्यावर चाळलेली वाळू पसरली आणि मधोमध सव्वाचार इंच व्यासाचा डबा पुरला. तेल मात्र टाळले. पाण्याच्या शिडकाव्यावर भागते. बांधावरून जाणारे एक म्हातारे शेतकरी रोज थांबत आणि एकदा न राहवून म्हणाले, "मास्तर, एवढ्या जवळून हातानंच टाका की!" त्यांना काय उत्तर द्यावे! पण वाळू मोठी प्रामाणिक परीक्षक असते. चेंडू कोणत्या मार्गाने गेला, कोठे मंदावला, शेवटच्या वितीत कोणीकडे वळला, याची रेघ तीवर उमटते. हिरवळीवर असा लेखी दाखला मिळत नाही. त्या रेघा वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, बहात्तर फटक्यांच्या खेळात प्रत्येक होलमागे दोन, म्हणजे छत्तीस फटके पटिंगसाठी गृहीत धरलेले असतात, आणि तरीही माझा आजवरचा जवळजवळ सगळा सराव लांब फटक्यांवर खर्च झाला होता. टेक्ससमधील हार्वे पेनिक नावाच्या नामांकित शिक्षकाचे मत हेच होते, की खेळ होलपाशी आरंभून मागे मागे सरकत शिकावा, टी, म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, सर्वांत शेवटी. ते मत मी पूर्वी वाचले होते आणि वाचून सोडून दिले होते. येथे ते माझ्यावर हुकूम म्हणूनच बजावले गेले.

मुदत संपल्यावर फेरतपासणी झाली आणि परवानग्या हप्त्याहप्त्याने आल्या: आधी ब्राऊनच्या काठावरून चिप, मग अर्ध्या उंचीचा वेज, पुढे सात नंबरचा आयर्न, तोही डावे कोपर किंचित दुमडून. ड्रायव्हर अगदी अखेरीस पिशवीबाहेर निघाला. पूर्वीपेक्षा माझा फटका आखूड आहे आणि तो वाढविण्याची मला उत्कंठा नाही. मात्र शंभर यार्डांच्या आत मी आज जसा खेळतो तसा भर तारुण्यातही खेळत नव्हतो, हे गोवळकोंड्याच्या मैदानावरील माझे सोबती, काहीशा नाराजीने का होईना, मान्य करतात. अर्नोल्ड पामरसारख्या महारथीलाही 2014 साली, पंचाऐंशीव्या वर्षी, पेसमेकर बसला आणि पुढच्या एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धेचा मानाचा प्रारंभिक फटका त्याने मारला. तो एकच फटका होता आणि टीवरचा होता. माझ्यासारख्याने अनुकरण करावे असे त्यात फारसे काही नाही.

ज्यांना हे यंत्र लवकरच बसावयाचे आहे आणि जे गोल्फ, टेनिस वा बॅडमिंटन खेळतात, त्यांना माझी विनंती अशी की, शस्त्रक्रियेनंतर नव्हे तर तीपूर्वीच, आपण काय खेळतो आणि कोणत्या हाताने, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. यंत्राची बाजू आणि तारेची वाट हे दोन्ही त्यावेळी ठरत असते, आणि कित्येकदा दुसऱ्या बाजूला बसविणे शक्य असते.