दहा लाखांत चाळीस टक्के?

मंडळी, जुलै 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला आणि इथल्या पोरांच्या डोक्यात नवनवे धंदे फिरायला लागले. कुणाला होमस्टेच्या बुकिंगचं ॲप करायचंय, कुणाला गाईड आणि पर्यटक जोडून द्यायचेत. कल्पना चांगल्या आहेत. गाडी अडते ती पैशापाशी.

बँक तारण मागते. पोराच्या नावावर सातबारा नसतो, बापाच्या सातबाऱ्यावर आधीच सोसायटीचा बोजा. मग कुणीतरी सांगतं, "इन्व्हेस्टर बघ."

परवा असंच एक पोरगं कागद घेऊन आलं. "दादा, पुण्याचे एक साहेब दहा लाख द्यायला तयार हाईत. चाळीस टक्के मागत्यात. सही करू काय?"

म्हटलं, आधी हिशोब कर. 10 लाखाला 40 टक्के म्हणजे तुझ्या अख्ख्या कंपनीची किंमत 25 लाख धरली. उद्या आणखी पैसा लागला आणि नवे शेअर काढून नव्या माणसाला 20 टक्के दिले, तर तुझ्या 60 चे 48 होतात. राबणार तू, आणि मालकी निम्म्याहून कमी.

एंजल इन्व्हेस्टर स्वतःच्या खिशातला पैसा लावतो. व्हेंचर कॅपिटलवाला दुसऱ्यांचा पैसा फंडात गोळा करून लावतो आणि त्याला तो ठरलेल्या मुदतीत वाढवून परत द्यायचा असतो. म्हणून त्याला झपाट्यानं दहापट होणारा धंदा लागतो. चार खोल्यांचा होमस्टे तसा वाढत नाही. त्यात कमीपणा नाही, पण तो पैसा त्याच्यासाठी नाही. शेअरच्या पैशाला हप्ता नसतो, धंदा बुडाला तर गुंतवणूकदाराचाही बुडतो. फक्त करारात वैयक्तिक हमी घुसवली नाही ना, एवढं बघा.

कोल्हापूरला हे नवं नाही. 1 जून 1929 ला इथं प्रभात फिल्म कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांच्याकडे कसब होतं, भांडवल नव्हतं. सीताराम कुलकर्णी या सराफांनी पैसा घातला आणि ते पाचवे भागीदार झाले. 1932 ला 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. 1942 मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली. माणसं एकत्र येतात तशी वेगळीही होतात, म्हणून कोण कसा बाहेर पडणार हे पहिल्याच कागदावर लिहावं.

आपल्याच तालुक्यात वारणेचा साखर कारखाना शेतकऱ्यांच्या शेअरवर उभा राहिला. सहकारात एका सभासदाला एकच मत. कंपनीत साधारण जितके शेअर तितकी मतं. हा फरक आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं पैसा नाही असं नाही. तो प्लॉटात आणि सोन्यात अडकलाय. 2024 च्या बजेटात एंजल टॅक्सही रद्द झाला. बुडाला तरी घर चालेल एवढाच पैसा चार-पाच जाणत्यांनी मिळून गावच्या पोरात लावावा, दहा-पंधरा टक्क्यांवर. सीए आणि वकील बसवून. व्हॉट्सॲप ग्रुपवर "शेअर घ्या" म्हणून जाहिरात करू नका, कायद्याला ते चालत नाही.

नाहीतर गडावर पर्यटक वाढतील, आपली पोरं त्याच गडावर राबतील, आणि मालक पुण्या-मुंबईत बसलेला असेल. तुम्हाला काय वाटतं? खाली लिहा.