नाचणीचा मान

पुरणपोळीची चौकशी आमच्या घरात कधी झाली नव्हती. होळी आली की ती यायची, तुपात न्हायची आणि सगळ्यांना दुपारची गाढ झोप लावून जायची. यंदा माघ सरता सरता नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद आला. साखर काठावर. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच : रोज चाला, वजन थोडं उतरवा, गोड जपून खा. पण पायांना त्रास देण्याऐवजी नवऱ्याने पुरणपोळीलाच कामाला लावायचं ठरवलं.

मैदा हद्दपार, गहूही नको, पोळी नाचणीची. गूळ बाद, पुरण खजुराचं. तूप नाही. सासूबाई ओट्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

“आई, तू आज फक्त बघ.”

“बघतेय ना बाबा,” त्या म्हणाल्या आणि वेलची सोलू लागल्या.

पुरणपोळीची कणीक ही लाडावलेली असते. सैल भिजवायची, मुरवायची, मग तेल-पाण्याचा हात लावून तिंबत राहायचं. तिंबता तिंबता गव्हातल्या ग्लुटेनचं चिवट जाळं तयार होतं आणि बोटाने ओढलं तर कणीक न तुटता लांबते. म्हणून तर एवढ्याशा पारीत तिच्यापेक्षा मोठा पुरणाचा गोळा मावतो, आणि लाटताना पुरण काठापर्यंत पोचलं तरी पोळी फुटत नाही. नाचणीत ग्लुटेनच नाही. तिला कितीही तिंबा, ती जिथल्या तिथे. नवरा घाम गाळत होता आणि परातीतलं ते तांबूस-करडं पीठ त्याच्याकडे निर्विकारपणे पाहत होतं.

पुरणाची तऱ्हा तीच. डाळीत गूळ घालून आटवलं की ते आधी पातळ होतं, मग हळूहळू घट्ट होत जातं आणि त्यात डाव उभा राहिला की झालं, ही घरोघरची खूण. खजुराच्या पुरणात डाव उभा राहिला खरा, पण बाहेरच निघेना. शिवाय हिशेबही चुकलेलाच. खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग साखरेचा असतो. गुळाला पुढच्या दाराने घालवलं आणि साखर मागच्या दाराने, खजुराच्या वेशात आत आली.

उंडा भरला तेव्हाच पारीला तडे गेले होते. लाटण्याखाली त्या तड्यांतून पुरण डोकावलं, तव्यावर उतरलं आणि चिकटून करपायला लागलं. उलथन्याने उलटायला जावं तर अर्धी पोळी वर, अर्धी तव्यावर. करपल्या खजुराचा वास जिन्यापर्यंत गेला.

सासूबाई उठल्या. उरलेलं कोरडं नाचणीचं पीठ त्यांनी परातीत घेतलं, त्यावर कढत पाणी ओतलं, उलथन्याच्या दांड्याने ढवळलं आणि हाताला सोसेल इतपत निवल्यावर मळलं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो; ग्लुटेनची गरजच उरत नाही. थापलेली भाकरी तव्यावर पडली, पाण्याचा हात फिरला, उलटली आणि आचेवर टम्म फुगली. सोबत कटाची आमटी. कट आला कुठून? नैवेद्यापुरतं गुळाचं पुरण त्यांनी सकाळीच वेगळं शिजवलं होतं. होळीची साखर काही काठावर नव्हती.

खरं तर नाचणीवर रुसायचं कारणच नाही. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वरकस जमिनीत, डोंगरउतारावर ती मुकाट्याने पिकत आली. तिची आंबील झाली, भाकरी झाली, पापड झाले, तान्ह्या मुलांसाठी सत्त्व झालं. ही सगळी रूपं तिचा स्वभाव ओळखून बायकांनी घडवलेली. आपण मात्र गरिबाचं धान्य म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि ती एकदम मोठ्या दुकानांत, चकचकीत पाकिटांत दिसू लागली. पण मान दिला तोही कसा? तिचा केक करून, नूडल्स करून, पुरणपोळी करून. म्हणजे तू चांगली आहेस, फक्त दुसऱ्यासारखी दिस.

यात दोघींचाही अपमान होतो. पुरणपोळी सणाची आहे, तिने औषध व्हावं ही अपेक्षाच चुकीची. नाचणी रोजची आहे, तिला सणाचे कपडे चढवायची गरज नाही. पथ्य पाळायचं ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांत. होळीच्या एका पोळीतून अख्ख्या वर्षाची वसुली होत नसते. तेव्हा साखर काठावर असेल तर डॉक्टरांना विचारून अर्धीच पोळी खा, पण ती खरी खा, वर चमचाभर तूप घेऊन. दुसऱ्या दिवसापासून नाचणीची भाकरी खा. आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल, तर कृपा करून चाला.