हरकतीला जागा

कागद ‘साहेबाला कळेल असा’ करून देणारी माणसं आमच्या भागाला नवी नाहीत. तहसिलीच्या आवारात टाइपरायटर मांडून बसणारा अर्जनवीस हा आम्हा गडचिरोलीकरांचा पहिला भाषाप्रभू. माणूस त्याच्यापुढं उकिडवा बसून बराच वेळ बोलायचा. हा त्यातलं दोन ओळींपुरतं उचलायचा आणि उरलेला कागद ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि ‘सविनय सादर’ यांनी भरून काढायचा. अंगठा उमटला की अर्ज पुढं. १९८२च्या ऑगस्टात चंद्रपुरातून फुटून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. अर्जाची भाषा मात्र होती तिथंच राहिली.

तो अर्जनवीस आता संगणकात शिरलाय. मी काही ग्रामसभांचं कागदपत्रांचं काम बघतो, त्यामुळं लॅपटॉप उघडाच असतो. पडद्याच्या उजव्या कडेला एक चौकट असते. लिहिलेलं तिच्यात टाकायचं आणि ‘औपचारिक’, ‘सौम्य’, ‘संक्षिप्त’ यांपैकी हवं ते बटण दाबायचं. इंग्रजीचं व्याकरण तपासणारं ग्रामरली २००९पासून आहे. आता मराठीचीही इस्त्री होते. कधीकधी ती जरा जास्तच होते. तेंदूच्या ठेकेदाराला थकलेल्या पैशांबद्दल लिहायचं होतं, तर यंत्रानं सुरुवातीलाच ‘हा संदेश आपणांस सुखरूप अवस्थेत मिळेल अशी आशा आहे’ असं घालून ठेवलं. ठेकेदार सुखरूपच होता, पैसेच काय ते वाटेत अडकले होते.

पण उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. ग्रामसभा आज स्वतः बांबू आणि तेंदूपत्ता विकतात, आणि घेणारा व्यापारी बाहेरचा असतो. बारावी झालेला, हिशेबात पक्का असलेला आमच्याकडचा पोरगा पूर्वी त्याला ‘सर पेमेंट कब’ एवढंच लिहून गप्प बसायचा. आता तोच करारातल्या तारखेचा, उचललेल्या मालाचा आणि बाकी रकमेचा हवाला देऊन तीन ओळींचं नीटस इंग्रजी पत्र धाडतो. समोरच्याला टाळाटाळ करायला जड जातं. त्या पोराची भीड मोडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती एका जबानीपासून सुरू होते.

२००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. सरकारी दस्तऐवज आहेत, निस्तारपत्रकं आहेत, पवित्र झाडं, दफनभूमी आहेत. आणि त्याच यादीत, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिगत आहे. ज्यांच्याकडं कागद नाही त्यांचा शब्द कागदाच्या रांगेत बसवणारं हे कलम मला नेहमीच थोर वाटत आलंय. राहून गेलेल्या एका दाव्यासाठी शेजारच्या टोल्यावरच्या आजाची अशी जबानी घ्यायची होती. आजा गोंडी आणि झाडीपट्टीची मराठी मिसळून बोलला. वनहक्क समितीच्या सचिव पोरानं मोबाइलवर रेकॉर्ड करून ते उतरवलं:

‘यायच्या आज्याच्या वाट्याचा मोह नाल्याच्या पलीकडं हाये. त्याच्या बुडी पेनची पूजा होते, आमीबी येतो. बोडी फुटली त्या साली गार्डानं याच्या बापाची कुऱ्हाड नेली. बारा आण्याची होती.’

पोरगा हुशार. साहेबापुढं जायचा कागद म्हणून त्यानं तो त्या चौकटीत घातला. बाहेर आलं ते असं:

‘सदर गावातील कुटुंबे अनेक पिढ्यांपासून या वनक्षेत्राशी भावनिक व सांस्कृतिक नात्याने जोडलेली असून, येथील नैसर्गिक संसाधने त्यांच्या उपजीविकेचा अविभाज्य भाग आहेत. काही प्रसंगी प्रशासकीय अडचणी उद्भवल्या, तरीही हे नाते अबाधित राहिले आहे.’

वाचायला गोड आहे. पण मोह गेला, नाला गेला, पेन, म्हणजे गोंडांचा देव, तोही गेला. गार्डानं नेलेली कुऱ्हाड तर दुसऱ्यांदा गेली. ‘प्रशासकीय अडचणी’त ती कुणाला सापडणार? आता हे वाक्य भामरागडच्या गावाला लावा, नाहीतर पार मेळघाटातल्या, कुठंही बसेल. पुराव्याचा कागद कुठंही बसत असेल तर तो पुरावा कसला?

यात यंत्राचा दुष्टपणा नाही. अफाट मजकूर पचवून, कशानंतर काय येणं संभवतं एवढं ते शिकलेलं असतं. ‘अविभाज्य भाग’ त्यानं पुष्कळदा पाहिलाय, बारा आण्यांची कुऱ्हाड बहुधा कधीच नाही. त्यामुळं सफाईला बसलं की जे एकाच ठिकाणचं, एकाच माणसाचं, ते आधी घासलं जातं.

गंमत म्हणून मी एकदा धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची प्रसिद्ध घोषणा ‘सौम्य’च्या बटणाखाली घातली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे तिचे शब्द. उत्तर आलं: ‘स्थानिक पातळीवरील निर्णयप्रक्रियेत ग्रामस्थांचा सहभाग वाढावा, अशी आमची नम्र अपेक्षा आहे.’ मी एकटाच मोठ्यानं हसलो. अशी नम्र अपेक्षा करत बसले असते तर मेंढ्याला काय मिळालं असतं? २००९ साली मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात सर्वांत आधी. मेंढ्याच्या वाट्याला अठराशे हेक्टरांवर जंगल आलं. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यावर गाडं अडलं. कायद्यानं बांबू गौण वनोपज, म्हणून परवाना आम्हीच देणार, हे ग्रामसभेचं म्हणणं. वनखातं ते मानायला तयार नव्हतं. गाव मागं सरलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मेंढ्याची दुसरी सवय मला याहून महत्त्वाची वाटते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट चालले आणि निर्णय सर्वसहमतीनं होऊ लागले. म्हणजे एकाचीही हरकत असली तर विषय पुढं ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावानंही आपल्या जंगलाचे नियम असेच बसून, बोलून ठरवले. तेंदूपत्ता तोडायचाच नाही, हा निर्णय त्यांतलाच, आणि तो काही सोपा नव्हता. तेंदूत रोकड असते. या सगळ्याचा पाया एकच: ऐकणाऱ्याला मध्येच ‘थांबा, असं नाही’ म्हणता आलं पाहिजे.

गुळगुळीत मजकुरात नेमकं हेच म्हणता येत नाही. घरातही तेच. पुण्याला गेलेला आमचा भाचा हल्ली इतके शालीन निरोप पाठवतो की उत्तर सुचत नाही. पूर्वी ‘मामा, पैसे पाठव, भाषण नको’ असं यायचं. भांडता तरी यायचं.

तर, जबानी ग्रामसभेत वाचायची होती. पोरानं दोन्ही कागद आणले होते. आधी त्यानं घोटलेला वाचला. माना डोलल्या. ‘बरोबर, बरोबर’ झालं. कुणीतरी ‘लय भारी लिवलं बाप्पा’ असंही म्हणालं. शेजारून मुद्दाम आलेला आजा भिंतीला टेकून शांतपणे ऐकत होता; आपलंच बोलणं चाललंय याचा त्याला पत्ता नसावा. मग मी म्हटलं, दुसराही वाच.

दुसरं वाक्यही पुरं झालं नाही, तोच त्या मोहाच्या घरची म्हातारी उठली. मोह नाल्याच्या पलीकडं नाही, अलीकडं आहे. आजा म्हणाला, पलीकडंच. ती म्हणाली, ‘नाला सरकला, मोह नाई सरकला.’ मग बोडी, म्हणजे लहान तळं, कुठल्या साली फुटली यावरून दोन फळ्या पडल्या. लग्नं आठवली, मेलेले बैल आठवले. त्या गोंधळात मागं बसलेला एकजण म्हणाला, त्या साली आमच्याही बापाची कुऱ्हाड नेली होती, आणि गार्डानं पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडला होता, त्याचा कागद घरी पेटीत आहे. सभा थांबवून तो घरी गेला आणि कागद घेऊन आला. घडीवर चिरलेला, शाई पुसट, पण तारीख वाचता येत होती. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. दुसरा पुरावा इतकी वर्षं पेटीत पडून होता, आणि कुऱ्हाडीचा विषय निघाला नसता तर आणखीही पडून राहिला असता.

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ साली ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं, त्यात गोंडीही आहे. सचिव पोरगा ते फोनवर घेऊन बघतोय. आजाचं बोलणं त्यात जसंच्या तसं उतरलं तर त्याचे कष्ट वाचतील, आणि ते वाचावेतच. उपविभागीय समितीला जाणारं वरचं पत्र आम्ही त्या चौकटीतूनच काढलं. विषय, संदर्भ, जोडपत्रांची यादी, सगळं झकास झालं. फक्त शेवटचं ‘आपल्या अमूल्य वेळेबद्दल धन्यवाद’ तेवढं काढून टाकलं. जबानी मात्र आहे तशी जोडली. नाल्याचं भांडण मिटलं नाही, म्हणून तिथं दोघांचंही म्हणणं लिहिलंय: आजाच्या मते पलीकडं, म्हातारीच्या मते अलीकडं. मोजणीला समिती येईल तेव्हा झाडापाशी उभं राहून भांडू, असं दोघांनीही ठरवलंय.