म्युऑन पुसून पाहताना

आमच्या कामात शोधण्यापेक्षा वगळण्यात जास्त वेळ जातो. जपानमधल्या त्सुकुबा इथे बेल-२ प्रयोगात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळून बी मेसॉनच्या जोड्या तयार होतात. त्यातला एखादाच बी मेसॉन क्षय पावून एक केऑन आणि दोन न्यूट्रिनो देतो. कणभौतिकीचा प्रस्थापित सिद्धान्त असलेल्या स्टँडर्ड मॉडेलच्या हिशेबाने दहा लाखांत पाच-सहा.

या क्षयात बी मेसॉनमधल्या बॉटम क्वार्कचा केऑनमधला स्ट्रेंज क्वार्क व्हावा लागतो, पण त्याला थेट तसं होता येत नाही. डब्ल्यू बोसॉन आणि टॉप क्वार्क यांच्या क्षणिक मध्यस्थीने आडवळणाने जावं लागतं. त्या आडवळणात एखादा अनोळखी जड कण हातभार लावत असेल, तर तो प्रत्यक्ष घडवण्याइतकी ऊर्जा यंत्रात नसली, तरी क्षयाचा आकडा बदललेला दिसतो.

अडचण अशी, की न्यूट्रिनो मागे खूण ठेवत नाहीत. दिसतो तो केऑन, आणि केऑन तर इतर असंख्य क्षयांतूनही येतो. मग पद्धत तपासायला बी मेसॉनचा ओळखीचा क्षय घ्यायचा: जे-साय नावाचा कण आणि केऑन देणारा. जे-सायमधून निघालेले दोन्ही म्युऑन नोंदीतून पुसायचे आणि आपली पद्धत ती घटना पकडते का, ते पाहायचं. समोर दिसणारं मुद्दाम नाहीसं करण्याची ही युक्ती मला फार आवडते.

पद्धत पक्की होईपर्यंत उत्तराचा भाग झाकलेला असतो. सांगलीचे माझे मामा हळदीच्या व्यापारात; त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मग उघडून बघायचं की!" मी म्हटलं, "मामा, हरिपूरचं हळदीचं जमिनीखालचं पेव जरा डोकावण्यापुरतं उघडायचात का तुम्ही?" त्यांना लगेच पटलं. एकदा उघडलं की माल काढावाच लागायचा.

२०२३मध्ये बेल-२ने झाकण काढलं: दहा लाखांत सुमारे तेवीस! पण स्टँडर्ड मॉडेलपासूनचं अंतर २.७ सिग्माच, शोध म्हणायला पाच लागतात. याउलट स्ट्रेंज क्वार्कवाल्या बी मेसॉनचा दोन म्युऑनांमधला क्षय सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी २०१५मध्ये मिळून नोंदवला. अब्जात सुमारे तीन, अंदाजाशी जुळणारा. त्याने कित्येक नव्या सिद्धान्तांची जागा आक्रसली.

बेल-२चा आकडाही उद्या खाली आला, तरी काम वाया जाणार नाही. तो चढाच राहावा अशी इच्छा मात्र घटना निवडताना घातक. ती मलाही आहे. झाकण त्यासाठीच लागतं.