रिद्धपूरची वाट आणि रक्ताच्या पिशवीची नोंद

मोर्शी तालुक्यातील संत्र्यांच्या बागा मागे टाकून रिद्धपुरात आलो, की प्रथम राजमठात माथा टेकावा आणि मग वाजेश्वरीकडे वळावे, हा माझा क्रम. श्रीगोविंदप्रभूंच्या या गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे गावोगाव जाऊन मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. कोणती गोष्ट कोणाकडून आली, याची त्यांना चाड होती.

यंदा तेथे बसलो असता एक जुना प्रसंग आठवला. एका रुग्णालयात वृद्ध रुग्णास रक्त द्यावयाचे होते. पिशवी आली, नळी जोडण्याची तयारी झाली. उशाशी बसलेली लेक म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आडनाव आमचेच आहे, पण नाव बाबांचे नाही.” पिशवी दुसऱ्या खोलीतील रुग्णाची होती. गट न जुळणारे रक्त जीवघेणे ठरू शकते. त्या लेकीने आम्हा सर्वांना वाचवले.

रक्तकेंद्रांनी आंतरराष्ट्रीय गुणवत्ता मानके स्वीकारावीत, असे म्हणतात ते याचसाठी. एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या कायद्यानेच बंधनकारक आहेत. आयएसओ ९००१ सारखे मानक किंवा आपल्याकडील एनएबीएचची मान्यता ऐच्छिक असते. प्रत्येक काम लिखित पद्धतीनेच व्हावे. दात्यापासून रुग्णापर्यंत पिशवीचा माग लागावा. तांबड्या पेशींच्या शीतपेटीचे तापमान २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये राहिल्याची नोंद असावी. आणि चूक झाल्यास ती न लपवता तिचे कारण शोधावे, हा त्यांचा आग्रह असतो.

तथापि या साखळीचा शेवटचा दुवा रुग्णाच्या खाटेपाशी असतो, आणि तेथे आपण असता. पिशवीवरील रुग्णाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि मुदत परिचारिकेने वाचून दाखवावी, असा आग्रह धरा. पहिली पंधरा मिनिटे जवळच बसा. थंडी, ताप, कंबरदुखी, अंगावर गांधी किंवा धाप जाणवल्यास तत्काळ हाक मारा. वृद्धांना रक्त सावकाश द्यावे लागते; घाई करू नका. मात्र एक पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे.

विचारण्यात संकोच नको. म्हाइंभटांनीही विचारूनच लिहिले.