मुरुडला समुद्र नाही!

'या वीकएंडला मुरुडला चाललेय,' असं ऑफिसात म्हटलं की हमखास एकच रिअॅक्शन येते. 'वॉव! जंजिरा बघून ये. आणि येताना सुरमई आण!'

तर मंडळी, मुरुडं एकापेक्षा जास्त आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, किनाऱ्यावरचं. दुसरं आमचं. लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. आमच्या मुरुडला समुद्र नाही. तूर आहे, सोयाबीन आहे, मे महिन्यातलं भाजून काढणारं ऊन आहे. आणि जुन्या पेठेत आमचं एक दुकान आहे. पणजोबांच्या काळातलं. दगडी भिंती, सागवानी खांब, वर माळवद.

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाचा फोन आला. 'दुकान पाडायचं ठरवायलोय. खाली गाळे, वर दोन मजले. सहीला ये.'

मी जाम भडकले. म्हणजे काय, वारसा-बिरसा काही आहे की नाही?

फोर्टातल्या दोन इमारती

भडकायला कारण होतं. माझं ऑफिस मुंबईत फोर्टात. लंच टाइमला पाय मोकळे करायला निघालं की दोन इमारती भेटतात. एक काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात तिचा बिडाचा सांगाडा चक्क इंग्लंडहून जहाजानं आला. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दिसला तो इथेच. पण डागडुजी रखडत गेली. २००५ साली एक भाग कोसळला आणि २०१९मध्ये भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं.

दुसरी होमी मोदी स्ट्रीटवरची. जॉर्ज विटेटनं डिझाइन केलेलं, १९२४ सालचं बॉम्बे हाउस. टाटांचं मुख्यालय. ते काही महिने रिकामं करून आतून पार नवं केलं आणि २९ जुलै २०१८ला, जेआरडींच्या जयंतीला, पुन्हा उघडलं. बाहेरून तोच दगडी रुबाब, आत आजचं ऑफिस. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीसुद्धा खास खोली!

म्हणजे जुनं राखून नवं करता येतं. फंडा क्लिअर होता. मी लातूर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन केलं आणि भांडायच्या तयारीनं निघाले.

गोलाईला एक चक्कर

सकाळी लातूरला उतरलं की मी आधी गंजगोलाईत जाते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ही बाजारपेठ म्हणजे भन्नाट प्रकार आहे. मधोमध गोल दोनमजली इमारत, पोटात जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ, जो तो आपापल्या गल्लीत. निजामाच्या राज्यात आखलेली ही पेठ आज मोबाइलच्या दुकानांनाही सामावून घेते. हा माझा पॉइंट नंबर दोन.

गाडीवर गरमागरम सुशीला खाल्ला (पोह्यांऐवजी चुरमुरे, खाल्ला नसेल तर आयुष्यात काहीतरी राहिलंय!) आणि मुरुडची एसटी पकडली.

काकांची गादी

भांडण दादाशी करायचं होतं. पण दुकान पाडायचा हट्ट दादाचा नव्हताच. काकांचा होता.

काका आमचे पंच्याहत्तरीचे. त्यांची गादी दाराला लागून. मला लहानपणापासून वाटायचं, गिऱ्हाईक दिसावं म्हणून तिथे बसतात. मी आपली वारसा, सागवान, बॉम्बे हाउस असं बोलत सुटले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पोरी, तू दोन दिवस येतीस, फोटो काढतीस. आत बसायचं आम्हाला हाय.'

आणि त्यांनी उत्तरेची भिंत दाखवली. मधोमध पोट सुटलेलं. हाताची वीत मावेल एवढं.

'तव्हाचं हाय हे.'

'तव्हाचं' म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या घरात माणसं गेली. काका त्या रात्री दुकानातच झोपले होते. अंगावर माती पडली आणि ते दाराकडे धावले. दोन दिवसांनी टेम्पोत भाकरी घालून किल्लारीकडे गेले. 'भिंती नव्हत्याच तिथं. नुसते ढीग. ढिगातून लाकडाचे खांब तेवढे उभे.'

गादी दारापाशी का, ते मला तेव्हा कळलं. तीस वर्षं हा माणूस आपल्याच दुकानात दारापासून दोन पावलांवर बसत होता.

माझे दोन्ही पॉइंट खिशातच राहिले.

भिंतीच्या आत काय असतं?

सही न करता मी लातूरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन आले. काका म्हणाले, 'बघू द्या, काय सांगतो ते.' इंजिनिअरनं दोन तास भिंती ठोकून बघितल्या आणि म्हणाला, 'काकांची भीती बरोबर आहे. पण तुमचा हट्टही चूक नाही.'

आपल्याला जी अडीच फुटी भक्कम भिंत वाटते, ती एक नसतेच. दोन असतात. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, आणि मध्ये माती नि खडी. दोघांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. जमीन हलली की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात.

वरचं माळवद तर त्याहून मोठी भानगड. गळतंय म्हणून दर वर्षी मातीचा थर चढवत जायचा. फूटभर मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण अर्धा टन! दहा बाय दहाच्या खोलीवर जणू चार-पाच मोटारी पार्क केल्यात. भिंत सुटली की ते सगळं खाली.

खरा दगाबाज म्हणजे वजन आणि सुटे सांधे. लाकूड नव्हे. ढिगातून खांब उभे राहिले होते, ते काकांनी स्वतःच बघितलं होतं की.

यावरचा इलाजही नवा नाही. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. काही गावं नव्यानं वसवली आणि इतर गावांतली जुनी घरं मजबूत करायची पद्धत ठरवली. पण अनेकांनी ते पैसे शेजारी नवी खोली बांधायला वापरले. दगडावरचा विश्वासच उडाला होता, त्यांना दोष कसा देणार? आणि फक्त पाडून बांधणं हेही उत्तर नाही. सांगाडा नीट नसेल तर सिमेंटचा स्लॅबही तितकाच जीवघेणा. २००२ साली सुधारलेल्या भूकंप-नकाशात हा पट्टा वरच्या म्हणजे तिसऱ्या झोनमध्ये आला. त्यामुळे नवं बांधलं तरी हिशेब भूकंपाचाच.

माती उतरली...

दादाची अट एकच, धंदा बंद राहणार नाही. काकांची अटही एकच, 'पोट सुटलेली भिंत आधी.'

आधी आतून टेकू दिले आणि ती भिंत उतरवून पुन्हा रचली, या वेळी आरपार दगड घालून. बाकीच्या भिंतींत दर मीटर-सव्वा मीटरवर हलक्या हातानं दगड काढून आरपार भोक पाडलं. त्यात आकड्याची सळई घालून काँक्रीट भरलं. दाराच्या वरच्या उंचीवर आतून-बाहेरून वेल्डमेश जाळीचा पट्टा फिरवला, दोन्हीकडच्या जाळ्या एकमेकींना बांधल्या आणि वर सिमेंटचा गिलावा. कमरेला करगोटा बांधावा तसा. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे लोखंडी अँगलचे तिरके आधार ठोकले.

मग माळवद. घमेली भरभरून माती खाली आली. किती? ट्रॅक्टरवाल्यानं शेवटी खेपा मोजणं सोडून दिलं. वर जाड प्लास्टिक अंथरलं आणि फक्त सहा इंच माती परत टाकली. अजिबात माती नको म्हटलं असतं तर मे महिन्यात दुकानाची भट्टी झाली असती!

वायरिंग नवं, संडास-बाथरूम नवं, मागे शटर. पुढच्या लाकडी फळ्या मात्र राहिल्या. नंबर घातलेल्या, एकेक सरकवून लावायच्या. दादानं गल्ल्यापाशी क्यूआर कोड चिकटवला. खर्च? नव्या इमारतीच्या निम्म्याच्या आसपास. हां, दोन मजल्यांचं भाडं मात्र बुडालं. त्यावरून दादा अजून मला टोमणे मारतो. 'तुझ्या हेरिटेजचं भाडं कव्हा देणारैस?' बरोबर आहे त्याचं. अंगावर भूकंप येणार नाही अशी गॅरंटी इंजिनिअरनंही दिली नाही. 'पळायला वेळ मिळेल, माळवद अंगावर यायचं नाही, एवढं बघितलंय,' असं तो म्हणाला.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गेले. वह्यांची पूजा झाली, बत्ताशे वाटून झाले. मी फोटो काढत होते, तेव्हा लक्षात आलं, दारापाशी गादी नाही.

ती आत होती. मधल्या खणात, उत्तरेच्या भिंतीला लागून. तक्क्याला टेकून काकांचा डोळा लागला होता.

मी फ्लॅश बंद केला.

जायचं झालंच तर...

मुंबईहून रात्रीची लातूर एक्स्प्रेस पकडा. लातुरात गंजगोलाई बघा, पण पायी. गाडी घेऊन गेलात तर पस्तावाल! मुरुडसाठी लातूरहून एसटी आहे. हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठा. सातवाहनांच्या काळातलं हे व्यापारी शहर. तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका. येताना धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या.

सुरमई मात्र मिळणार नाही.