भेडाघाटचे चित्र

भेडाघाटला चित्रकार अवघडतो. जबलपूरहून वीस-बावीस किलोमीटरवर नर्मदा आधी धुवांधारला कोसळते, तुषारांचा धूर उडवते, आणि पुढे संगमरवराच्या शंभरेक फूट उंच कड्यांमधून इतकी संथ, खोल वाहते की ही तीच नदी हे मनाला पटवावे लागते. पांढऱ्या दगडात कुठे गुलाबी झाक, कुठे पिवळसर, कुठे हिरवट-काळे पट्टे. बंदरकूदनीला दोन्ही काठ इतके जवळ येतात की एके काळी माकडे इकडून तिकडे उडी मारत म्हणे. नावाडी वल्हवता वल्हवता यमके जुळवतो आणि प्रत्येक कड्यात एकेक आकार दाखवतो. सगळे आधीच रचलेले, रंगवलेले, वर्णन करून झालेले. मग कुंचल्याने इथे करायचे तरी काय?

कॅमेऱ्याला हा प्रश्न पडला नाही. १९६०च्या ‘जिस देश में गंगा बहती है’साठी इथे चित्रण झाले आणि गंगेचे नाव मिरवणाऱ्या चित्रपटात नर्मदा वाहिली. २००१च्या ‘अशोका’त हेच कडे मौर्यकाळात गेले, २०१६च्या ‘मोहेंजो दारो’त त्याहून मागे, सिंधुसंस्कृतीत. देखणेपण असे उसने देता येते. मला मात्र ओढ आहे ती उसने न देता येणाऱ्या भेडाघाटची.

चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढताना त्याची पहिली खूण सापडते. दहाव्या शतकात, कलचुरींच्या राज्यात, ज्यांनी हे मंदिर टेकडीवर उभे केले त्यांना खालची नदी रोज दिसत असणार. तरी त्यांनी एक वर्तुळ आखले, वर आकाश मोकळे सोडले आणि सगळ्या योगिनी आत तोंड करून बसवल्या. नदीकडे सर्वांची पाठ. निसर्गाने दिले ते पुन्हा कोरण्याची त्यांना गरज वाटली नसावी. आज नाके तुटलेल्या, हात गेलेल्या त्या मूर्तींच्या मधोमध उभे राहिले की कड्यांमधली तीच खोल शांतता इथे दुसऱ्या रूपात जाणवते. नदीची ही प्रेरणा नक्कल करत नाही, आणि म्हणूनच मला ती अधिक खरी वाटते.

दुसरी खूण आपल्या काळातली: अमृतलाल वेगड. १९२८ साली जबलपुरात जन्मलेला हा गुजराती माणूस शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला, परत येऊन आपल्याच गावात कला शिकवू लागला. भेडाघाट त्यांच्या घरापासून जवळच होते. पण १९७७ साली, पन्नाशीला टेकताना, ते नर्मदेच्या काठाने पायी निघाले आणि सुट्ट्या मिळतील तशी टप्प्याटप्प्याने परिक्रमा करत राहिले. त्यांची रेखाटने आणि कागदाचे तुकडे चिकटवून केलेली कोलाज पाहिली की धबधबा शोधणारा डोळा गोंधळतो. तिथे घाटावर अंघोळ करणाऱ्या बायका आहेत, डोक्यावर बोचकी घेतलेले परिक्रमावासी आहेत. नदी बहुतेक वेळा त्यांच्या अंगावरून, वाकण्यातून, चालीतून कळते.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’तून अनेकांना नर्मदा भेटली ती पायवाटेवरच. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, ती सदैव उजव्या हाताला ठेवायची. त्यामुळे भेडाघाटची ती प्रसिद्ध चांदण्यातली नौकासफर परिक्रमावासीयाच्या वाट्याची नाही. त्याला कडे दिसतात ते काठावरून, चढउतारांत, थकलेल्या पायांनी. माझ्या मते चित्रकाराने उभे राहायची जागाही तीच.

वेगडांच्या या चालण्याचे मोल पुढे फार वाढले. जबलपूरच्या वर बरगीचे धरण १९९०च्या सुमारास पुरे झाले आणि मंडल्याच्या वाटेवरची कितीतरी गावे, घाट, शेते जलाशयाखाली गेली. वेगड त्या काठाने आधीच चालून गेले होते. जे बुडाले त्याचा कुणी देखावा म्हणून फोटो काढायला आले नसते. तो साधा काठ त्यांनी वहीत उतरवला होता. धरणानंतरही ते थांबले नाहीत. पंचाहत्तरीच्या आसपास, २००२ साली, पत्नी कांताबाईंना बरोबर घेऊन ते पुन्हा काठाने निघाले.